पाकिटाबाहेरचा मार्शमॅलो

मार्शमॅलो म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पांढरा, गुबगुबीत, अंगठ्याच्या पेराएवढा दंडगोल. मॉलमधल्या पाकिटात तो तसा असतो, अमेरिकी सिनेमात शेकोटीवर धरलेल्या काडीच्या टोकाला तसाच असतो, आणि हॉट चॉकलेटवर तरंगतात ती त्याचीच छोटी भावंडं. मार्शमॅलोचे गमतीदार पदार्थ घरच्या घरी कसे करावेत हे सांगणाऱ्या बहुतेक कृती याच दंडगोलापासून सुरू होतात. पाकीट आणा, फोडा, तीन मार्शमॅलो काडीत ओवा, वितळलेल्या चॉकलेटने डोळे काढा, झाला हिममानव. यात वाईट काहीच नाही. मुलांची दुपार मजेत जाते आणि ओटाही फारसा बरबटत नाही. पण इथे मार्शमॅलो हा आयता माल असतो, घरी होते ती फक्त सजावट. गरम पाकात हवा कोंडली जाऊन तो पाहता पाहता दुप्पट-तिप्पट फुगतो, हा सगळ्यात मजेचा भाग कारखान्यातच उरकलेला असतो. दुसरीकडे, जे हौसेने मूळ पदार्थच घरी करायला घेतात त्यांची पंचाईत वेगळी असते. आपला मार्शमॅलो पाकिटातल्यासारखा झाला नाही म्हणून ते खट्टू होतात. खरं तर तो तसा व्हायलाच नको. पाकिटातल्या मार्शमॅलोचा आकार, त्याचा कोरडेपणा, चिवटपणा, बाराही महिने तोच तो व्हॅनिला, हे बहुतेक सगळं कारखान्याच्या आणि वाहतुकीच्या गरजांतून आलेलं आहे. घराला त्या गरजा नाहीत. तेव्हा घरच्या मार्शमॅलोने पाकिटाची नक्कल करायचं काही कारण नाही, आणि ती सोडली की या पदार्थावरच्या बऱ्याचशा तक्रारीही आपोआप गळून पडतात.

नक्कल करायला एखादं अस्सल मूळ तरी हवं, तेही इथे सापडत नाही. युरोपात दलदलीच्या, खारवट जमिनीत अल्थिया ऑफिसिनॅलिस, इंग्रजीत मार्श मॅलो, नावाची वनस्पती वाढते. ती भेंडीच्या आणि जास्वंदीच्या कुळातली. भेंडी चिरताना सुरीला जो बुळबुळीत चिकटा लागतो, तसाच चिकटा तिच्या मुळांत भरपूर असतो, आणि घसा खवखवणं, खोकला यांवर तो शतकानुशतकं औषध म्हणून दिला जाई. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मिठाईवाल्यांनी या औषधाला साखर आणि अंड्यातल्या पांढऱ्या भागाची जोड दिली, ते खूप फेटलं आणि औषधाची मिठाई केली. पुढे मुळांचा अर्क काढण्याचा खटाटोप कमी कमी होत गेला. त्याच्या जागी बाभूळवर्गीय झाडांचा डिंक आला, मग जिलेटिन आलं. म्हणजे ज्या वनस्पतीवरून पदार्थाला नाव मिळालं ती त्यातून केव्हाच नाहीशी झालेली आहे. आणखी पुढे मक्याच्या स्टार्चने भरलेल्या परातींत ठसे उमटवून त्यांत मिश्रण ओतायची पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे उत्पादन वाढलं, तरी एक घाणा तयार व्हायला जवळजवळ अख्खा दिवस जाई. १९५०च्या दशकात अमेरिकेत अ‍ॅलेक्स डुमॅक यांनी जी पद्धत बसवली तिने हे काम तासाभरावर आणलं. फेटलेलं मिश्रण लांब नळ्यांतून दाबाने पुढे ढकलायचं, बाहेर पडणाऱ्या लांबच लांब दोराचे आडवे तुकडे पाडायचे आणि ते स्टार्चमध्ये घोळवायचे. गोल भोकाच्या सोऱ्यातून पीठ काढून आडवं कापलं तर जो आकार मिळेल तोच हा. त्यात सौंदर्यदृष्टी वगैरे शोधायला जाऊ नये.

हा आकार मिळवण्यासाठी मिश्रणाला बऱ्याच अटी पाळाव्या लागतात. नळीतून बाहेर पडताच ते पसरता कामा नये, म्हणून ते घट्ट हवं. पुढे ते महिनोन्‌महिने गोदामात, ट्रकमध्ये, दुकानाच्या फळीवर राहणार, म्हणून ओलावा कमी हवा. एकावर एक दाबले गेले तरी तुकडे पुन्हा फुगून यायला हवेत, म्हणून चिवटपणा हवा. फळाचा ताजा गर यात बसत नाही, कारण फळाचा आंबटपणा आणि पाणी दर हंगामाला बदलतात आणि यंत्राला दर वेळी तेच मिश्रण लागतं. अमेरिकेतल्या काही नावाजलेल्या पाकिटांवरची घटकांची यादी वाचली तर पांढऱ्याशुभ्र मार्शमॅलोत चक्क निळा रंग असतो असं दिसतं. साखरेची आणि ग्लुकोजची किंचित पिवळसर झाक मारण्यासाठी तो घालतात, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तशातलाच प्रकार. मोठ्या प्रमाणावर, स्वस्तात आणि दूरवर पोचवायच्या मालासाठी हे सगळे निर्णय योग्यच आहेत. मात्र सकाळी करून संध्याकाळी खायच्या खाऊला यातली एकही अट लागू होत नाही.

आता हा पदार्थ मुळात असतो काय ते पाहू. मार्शमॅलो म्हणजे घट्ट झालेला फेस. साखरेचा दाट पाक, त्यात असंख्य बारीक हवेचे बुडबुडे, आणि ते फुटू नयेत म्हणून त्यांच्याभोवती जेल होणाऱ्या पदार्थाचं जाळं. तिन्हींपैकी पहिल्या गोष्टीत मराठी स्वयंपाकघर मुळीच अडाणी नाही. इंग्रजी पाककृतींत मार्शमॅलोसाठी पाक साधारण ११५ अंश सेल्सिअसला आणा असं सांगतात. आपल्याकडे वड्या-लाडवांसाठी ज्याला गोळीबंद पाक म्हणतात तो याच्याच आसपास असतो. गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकला की विरघळून न जाता त्याची बोटांत धरता येईल अशी मऊ गोळी होते. पाकाचा उत्कलनबिंदू त्यात उरलेल्या पाण्यावर ठरतो. पाणी आटत जातं तसं तापमान चढतं, आणि ११५ अंशांना पाकात साधारण पंधरा टक्केच पाणी शिल्लक असतं. थर्मामीटर आणि पाण्याची वाटी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. थर्मामीटर असला तर बरं, नसला तर कुठल्याही जाणत्या आजीची वाटी पुरते.

नवीन आहे ते ग्लुकोज. नुसत्या साखरेचा इतका दाट पाक जोरात फेटला तर त्यात पुन्हा साखरेचे खडे धरतात आणि फेस रवाळ होतो. ग्लुकोजचे रेणू साखरेच्या रेणूंच्या मध्ये येऊन त्यांना एकत्र रचू देत नाहीत. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. ते नसेल तर पाकात लिंबू पिळायची आपली जुनी युक्ती आहेच. आंबटामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि काम बऱ्यापैकी भागतं. तिसरा घटक जिलेटिन. जनावरांच्या हाडांत आणि कातडीत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्यापासून ते काढतात. गरम पाण्यात त्याच्या साखळ्या सुट्या होतात, गार होताना पुन्हा एकमेकींत गुंततात आणि पाणी धरून ठेवतात. त्याचं खरं वैशिष्ट्य असं की त्याचं जेल सुमारे ३५ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उष्णतेपेक्षा थोडं खालीच वितळतं. जिभेवर मार्शमॅलो चघळावा न लागता विरतो तो यामुळे. जिलेटिनची ताकद ऑस्कर ब्लूम यांच्या नावाच्या मापाने मोजतात. पाकिटावर ब्लूमचा आकडा छापलेला असेल तर तो २०० ते २५० असावा. ताकद कमी असली तर कृती तंतोतंत पाळूनही वडी धरत नाही आणि करणाराच्या हाताला उगाच दोष लागतो.

सुमारे २० सेंटिमीटरच्या चौकोनी ट्रेसाठी १० ग्रॅम जिलेटिन ६० मिलिलिटर गार पाण्यात भिजत घालावं. जाड बुडाच्या पातेल्यात २०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, ६० मिलिलिटर पाणी आणि चिमूटभर मीठ घेऊन गोळीबंद पाक करावा. गॅस बंद करून बुडबुडे बसू द्यावेत, मग पाक बारीक धारेने जिलेटिनवर ओतत इलेक्ट्रिक बीटरने फेटायला लागावं. जिलेटिन पाकाबरोबर उकळायचं नाही, जास्त उष्णतेने त्याची पकड जाते. पहिली दोन-तीन मिनिटं हाती लागतो तो मळकट फेसाळ रस्सा, आणि इथेच पुष्कळांचा धीर सुटतो. मग रंग पालटतो. बुडबुडे बारीक होत जातात तसा त्यांच्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि कुठलाही रंग न घालता मिश्रण पांढरं होतं. दहा-बारा मिनिटांनी बीटर उचलल्यावर त्यावरून जाड, सावकाश पडणारी पट्टी सुटली की झालं. तूप किंवा तेल लावलेल्या ट्रेवर कॉर्नफ्लोअर आणि पिठीसाखर सम प्रमाणात भुरभुरवून त्यात ते ओतायचं आणि निदान पाच-सहा तास उघड्यावर सोडून द्यायचं. स्टॅनफर्डमधल्या वॉल्टर मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगात मुलांना मार्शमॅलो समोर ठेवून थांबायला सांगितलं होतं ते फार तर पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यावरून त्यांच्या उभ्या आयुष्याचे आडाखे बांधले गेले. २०१८ साली मोठ्या नमुन्यावर झालेल्या फेरतपासणीत ते आडाखे बरेच सैल पडले. ट्रेभोवती घुटमळणाऱ्या मुलांच्या भवितव्याची काळजी करायचं त्यामुळे कारण उरलेलं नाही.

मिश्रण ओतण्याआधीची तीन-चार मिनिटं घरच्या करणाराच्या हातात सर्वाधिक स्वातंत्र्य देतात, आणि पाकिटाची नक्कल करणारा नेमकी हीच वाया घालवतो. जिलेटिन भिजवायला पाण्याऐवजी फळाचा गाळलेला रस घेतला तर चव आणि रंग दोन्ही आत मुरतात. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा आटवलेला गर, कोकम सरबताचा अर्क, कडक कॉफी, वेलची-केशर, यांपैकी काहीही चालतं. आंबट फळ असेल तर जिलेटिन दोन-तीन ग्रॅम वाढवावं, कारण आंबटाने त्याची पकड ढिली होते. एक सावधगिरी मात्र शास्त्राची आहे. ताजी पपई, अननस, किवी आणि अंजीर यांत प्रथिनं तोडणारी विकरं असतात. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ती याच गुणासाठी. जिलेटिन हेही प्रथिनच, त्यामुळे या फळांचा कच्चा रस घातलेला मार्शमॅलो रात्रभर ठेवला तरी पाणीच राहील. तोच रस आधी उकळून घेतला की विकर मरतं आणि काही अडत नाही.

आकाराचंही तसंच. मिश्रण ट्रेमध्ये ओतलंच पाहिजे असं कुठे आहे? कोमट असताना ते पायपिंग बॅगमधून हवं तसं काढता येतं. अमेरिकेत ईस्टरला विकल्या जाणाऱ्या ‘पीप्स’ या मार्शमॅलोच्या पिल्लांचा इतिहास इथे आठवावा असा आहे. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या जस्ट बॉर्न कंपनीने १९५३ साली रॉडा कँडी ही कंपनी विकत घेतली, तेव्हा तिथे बायका हाताने, पिशवीतून दाबून एकेक पिल्लू काढत होत्या. सुकण्यासकट एक पिल्लू पुरं व्हायला २७ तास लागत. नव्या मालकांनी यंत्र बसवलं आणि काम काही मिनिटांवर आलं. यंत्रालाही गमतीदार आकार काढता येतो, हा आक्षेप म्हणून बरोबरच आहे. पण ते पिल्लू सात दशकं जवळजवळ तेच राहिलं आहे. हाताने काढलेल्या पिल्लाची मान वाकडी होते, एखादं बदकासारखं दिसतं, एखाद्याला गणपतीची सोंड फुटते. जपानात फुकुओकातल्या इशिमुरा मान्सेइदो या जुन्या दुकानाची ‘त्सुरुनोको’ ही मिठाई आणखी निराळी, मार्शमॅलोच्या मऊ कवचात पांढऱ्या घेवड्याचं आणि अंड्यातल्या बलकाचं गोड पुरण. मोदक वळणाऱ्या हातांना ही कल्पना परकी वाटू नये. उकडीच्या जागी फेटलेला पाक येईल आणि आत नारळाचं सारण, ते मात्र चांगलं कोरडं परतलेलं. ओल्या सारणाचं पाणी मार्शमॅलो शोषून घेतो आणि आतून चिकट होतो.

आता सगळ्यात मोठा आक्षेप, आणि महाराष्ट्रात तो बाजूला सारून चालणारच नाही. जिलेटिन शाकाहारी नाही. भारतात मिळणारं बरंचसं जिलेटिन गुरांच्या हाडांपासून केलेलं असतं, युरोप-अमेरिकेत डुकराच्या कातडीपासूनचं मोठ्या प्रमाणावर वापरतात, माशांपासूनही ते काढतात. म्हणजे हिंदू, मुस्लिम, जैन, प्रत्येकाला अडचण वेगळ्या कारणाने. पाकिटावरचा तपकिरी त्रिकोण पाहून घ्यावा आणि पाहुण्यांना न विचारता वाढू नये, हे तर झालंच. यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे जिलेटिन काढा आणि तेवढंच अगर घाला. तो बहुतेक वेळा फसतो. अगर म्हणजे समुद्रशेवाळापासूनचं चायना ग्रास, उन्हाळ्यात खरवसासारख्या दुधाच्या वड्या पाडायला पुष्कळ घरांत वापरतात ते. ते ३५-४० अंशांच्या आसपास घट्ट होतं, पण एकदा घट्ट झालं की सुमारे ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. त्यामुळे ते जिभेवर विरत नाही, दातांखाली तुटतं. जिलेटिनसारखं ताणलंही जात नाही. नक्कल म्हणून पाहिलं तर अगरचा मार्शमॅलो नापास, आणि म्हणूनच शाकाहारी मार्शमॅलो जमत नाही असा बोलबाला झाला आहे.

पण अगरचा हाच गुण दुसऱ्या बाजूने पाहावा. १८८१ साली रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायला जिलेटिनचं जेल वापरत. उष्णतेने ते वितळे, काही जिवाणूही ते पातळ करून टाकत. तिथले संशोधक वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी अगर वापरून पाहा असं सुचवलं, आणि जगभरच्या प्रयोगशाळा आजही त्यांचं ऐकतात. अगर त्यांना ठाऊक होतं जेली करण्याच्या निमित्ताने, स्वयंपाकघरातून. विदर्भातल्या मे महिन्यात जिलेटिनचा मार्शमॅलो सैलावतो, अगरचा ताठ राहतो. आणि अगरला त्याच्या मर्जीने वागवणारी मिठाई शोधायची तर ती रशियात तयार आहे. तिला ‘झेफिर’ म्हणतात. कोलोम्ना गावची पास्तिला ही सफरचंदाच्या गराची जुनी फेसाळ मिठाई, झेफिर तिच्याच घराण्यातली. भाजलेल्या सफरचंदाचा घट्ट गर साधारण २५० ग्रॅम, त्यात २०० ग्रॅम साखर विरघळवून गार करायची आणि एका अंड्यातला पांढरा भाग घालून फेटायचं. दुसरीकडे १५० मिलिलिटर पाण्यात ८ ग्रॅम अगर उकळून, त्यात ४०० ग्रॅम साखर घालून ११० अंशांचा पाक करायचा, तो गरम गरम फेसात ओतायचा, आणि हातची कामं टाकून लगेच पायपिंग बॅगमधून फुलं काढायची. अगर वाट पाहत नाही, मिश्रण कोमट होताच धरू लागतं. एक दिवस सुकल्यावर बाहेरून पातळ पापुद्रा येतो आणि आत फळाच्या चवीचा मऊ, किंचित ठिसूळ गाभा राहतो. तो जिलेटिनच्या मार्शमॅलोसारखा लागत नाही, आणि बऱ्याच जणांना तो जास्त आवडेल असा अंदाज आहे, कारण त्यात साखरेआधी फळ कळतं.

सफरचंद यात चवीपुरतं नाही. त्यातलं पेक्टिन फेसाला आधार देतं. हे लक्षात घेतलं की आपल्याकडे पेरूची आठवण व्हायला हवी. पेरूत पेक्टिन इतकं असतं की गोव्यातलं पेराद नुसत्या पेरूच्या गरावर आणि साखरेवर आटून वडीसारखं धरतं, त्याला दुसरं काही लागत नाही. बिया गाळलेला पेरूचा आटीव गर झेफिरमध्ये सफरचंदाची जागा घेऊ शकतो, आणि गुलाबी पेरू असेल तर रंगही फुकट. ज्यांना अंडंही चालत नाही त्यांच्यासाठी छोले शिजवल्यावर उरणारं दाटसर पाणी आहे. फ्रान्समधल्या जोएल रोसेल यांनी २०१४च्या सुमारास ते अंड्यासारखं फेसाळतं हे दाखवलं, पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी त्याची मेरँग केली, आणि आता ते ‘अ‍ॅक्वाफाबा’ म्हणून ओळखलं जातं. आटवून, पूर्ण गार करून फेटलं की त्याचा फेस चांगला उभा राहतो. छोल्यांचा वास राहील ही शंका रास्त आहे. साखर आणि पेरू मिळून तो झाकतात, नुसता व्हॅनिला मात्र झाकत नाही.

वरच्या झेफिरमध्ये एकूण ६०० ग्रॅम साखर आहे हे चाणाक्ष वाचकांनी एव्हाना मोजलं असेल. म्हणजे हा सगळा खटाटोप शेवटी साखरच खायचा? हो. घरी केल्याने मार्शमॅलो पौष्टिक होत नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. १०० ग्रॅम मार्शमॅलोत साधारण ३२० कॅलरी असतात आणि त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या. जिलेटिन प्रथिन असलं तरी त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे प्रथिनं मिळाली म्हणून समाधान मानायलाही जागा नाही. साखर निम्मी करा हा सल्लाही इथे चालत नाही. साखर ही या पदार्थाची भिंत आहे, ती काढली की फेस बसतो आणि उरलेलं पाणी बुरशीला आमंत्रण देतं. गूळ घातल्याने रंग आणि चव बदलेल, हिशेब तोच राहील. एक गोष्ट मात्र घरच्याच्या बाजूने आहे. हवेमुळे तीन सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्याचं वजन दहा-बारा ग्रॅमच्या आसपासच भरतं, म्हणजे साधारण चाळीस कॅलरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेल्या मर्यादेनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी. एखाद-दोन तुकडे त्यात बसतात, पाकीट मांडीवर घेऊन बसलेला माणूस बसत नाही. ज्या खाऊला अर्धा दिवस लागतो तो रोज होत नाही, हा युक्तिवाद लंगडा वाटेल. तरी सणावारी होणाऱ्या पदार्थांबाबत आपण तो बिनबोभाट मान्य करत आलो आहोत.

खर्चाच्या बाबतीत घर जिंकेलच असं नाही. जिलेटिन, ग्लुकोज आणि वेळ धरला तर पाकीट परवडेल. खरी गैरसोय दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे पाक. ११५ अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा गरम तर असतोच, शिवाय तो कातडीला चिकटून बसतो, झटकला तरी सुटत नाही. त्यामुळे ‘मुलांसोबत करायचा पदार्थ’ हे वर्णन अर्ध्यावरच खरं आहे. पाक होऊन मिश्रण कोमट होईपर्यंत मुलं ओट्यापासून दूर, आणि कापणं, घोळवणं, रंगवणं, पिशवीतून काढणं सगळं त्यांचं. दुसरी गैरसोय हवेची. साखर हवेतला ओलावा ओढते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत आणि कोकणात केलेला मार्शमॅलो कितीही घोळवला तरी संध्याकाळपर्यंत घामेजतो. फ्रीजमध्ये ठेवल्याने भलतंच होतं, बाहेर काढताच त्यावर दव धरतं. पावसाळा सोडून द्यावा हे उत्तम. दिवाळीनंतरची कोरडी हवा याला मानवते, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात बटर पेपरच्या थरांमध्ये ठेवला तर तो आठवडाभर चांगला राहतो.

एका ठिकाणी मात्र पाकिटाला मान द्यायलाच हवा. अमेरिकेत शेकोटीवर भाजलेला मार्शमॅलो आणि चॉकलेटचा तुकडा दोन ग्रॅहम बिस्किटांमध्ये दाबून खातात. त्याची कृती १९२७ सालच्या गर्ल स्काउट्सच्या पुस्तकात छापलेली आहे. घरचा मार्शमॅलो ओलसर आणि नाजूक असल्यामुळे ज्वाळेवर बाहेरून तांबूस होण्याआधीच काडीवरून ओघळून निखाऱ्यात पडतो. कारखान्याचा चिवट दंडगोल तिथे नेमका उपयोगी पडतो. घरचा खरपूस करायचाच असेल तर तो बिस्किटावर ठेवून वरून ओव्हनच्या ग्रिलची आच द्यावी, दीड-दोन मिनिटं पुरतात, आणि नजर हटवू नये.

ट्रेमधून चौकोन कापताना कडेच्या वाकड्यातिकड्या पट्ट्या उरतात, त्यांचा उपयोग बॅटल क्रीकमध्ये केव्हाच शोधला गेला आहे. मिशिगनमधल्या त्या गावी केलॉग कंपनीत काम करणाऱ्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी १९३९च्या सुमारास वितळलेला मार्शमॅलो आणि लोणी यांत फुगवलेला तांदूळ घोळवून वड्या थापल्या. मुलींच्या एका संघटनेला निधी जमवण्यासाठी त्या विकल्या गेल्या आणि पुढे कृती थेट खोक्यावर छापली गेली. चुरमुऱ्याच्या लाडवात गुळाचा पाक जे काम करतो तेच इथे मार्शमॅलो करतो, फक्त वडी कडक न होता मऊ, ताणली जाणारी होते आणि दात नसलेल्यांनाही खाता येते. मोठा चमचाभर लोणी मंद आचेवर वितळवून त्यात शंभर ग्रॅम पट्ट्या विरघळू द्याव्यात, आच वाढवली तर वडी दगडासारखी होते. चुरमुरे अळणी घ्यावेत आणि आधी कढईत कोरडे, कुरकुरीत भाजावेत. भाजायचा कंटाळा केला तर ते मार्शमॅलोतला ओलावा पिऊन तासाभरात वातड होतात. दोन मोठ्या वाट्या चुरमुरे एवढ्याला पुरतात, वरून भाजलेले तीळ किंवा सुक्या खोबऱ्याचा कीस. थापताना हाताला पाणी लावू नये, तूप लावावं.